जावयाच्या खालचा ठिपका

माधवराव आमचे धाकटे जावई. स्वभाव गरीब, बोलणं हळू, आणि कपाळ दरवर्षी बोटभर मागे सरकत चाललेलं. असा माणूस केस वाढवायचं तेल विकायला निघाला, तर घेणाऱ्यानं बाटलीकडे बघावं की विकणाऱ्याच्या डोक्याकडे? मी डोक्याकडे बघितलं आणि गप्प बसले. जावयाला काही बोलायची सोय नसते.

तेलाचं नाव ‘केशकल्याण’. कंपनीचं नाव ‘श्री दख्खन कल्याण कंपनी’. कचेरी बेगम बाजारात, एका मिरच्यांच्या गोदामाच्या माडीवर. त्यामुळे तिथे मेंबर व्हायला गेलेला माणूस शिंकत शिंकत सही करायचा. मॅनेजर मुंबईचा होता म्हणे, आणि तो सुटाबुटात फक्त सकाळीच भेटायचा.

ही कंपनी तेल दुकानात ठेवत नसे. दुकानात ठेवलं तर ते विकावं लागेल, ही अडचण बहुतेक त्यांच्या लक्षात आली असावी. आपण एक पेटी विकत घ्यायची आणि मेंबर व्हायचं. मग आपल्या खाली चार मेंबर करायचे. त्यांनी पेट्या घेतल्या की त्यातला वाटा आपल्याकडे वर येणार. त्या चौघांनी आपापल्या खाली आणखी चार-चार करायचे, की तिकडूनही थोडं थोडं वर. आपण नुसतं बसून राहायचं.

“असं करत करत सगळं हैदराबाद मेंबर झालं तर तेल डोक्याला लावणार कोण?” मी विचारलं.

“मामी, प्रश्न लावायचा नाही. प्रश्न साखळीचा आहे,” माधवराव म्हणाले.

लावायचा प्रश्न नाही, हे मला पटलं. नमुन्याची बाटली उघडल्याबरोबर आमची मांजर घर सोडून गेली होती, ती दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली.

ही गोष्ट पन्नास सालची. हैदराबाद हिंदुस्थानात सामील होऊन दोन वर्षं होत आली होती. जहागिरी गेल्या होत्या, जुन्या पदव्या पेटीत गेल्या होत्या, आणि ज्यांनी जन्मभर रुमी टोपी घातली ते आता पांढरी टोपी नीट बसते का म्हणून आरशात बघत होते. अशा दिवसांत ही कंपनी मेंबरांना हुद्दे वाटत होती. खाली चार झाले की ‘नायब’. त्या चौघांखाली चार-चार झाले की ‘नाझिम’. त्याच्या वर ‘सदर नाझिम’, आणि त्याला मनगटी घड्याळ. खरे नाझिम, म्हणजे निजामी अमलातले मोठे साहेब, कचेऱ्यांतून जात होते आणि तेलाचे नाझिम बेगम बाजारातून निघत होते.

आमच्या ह्यांचा जीव नेमका तिथे अडकला, असं मला वाटलं. ह्यांचं नाव भगवंतराव. मी नाव घेत नाही, लिहिते आहे इतकंच. हे अदालतीत पेशकार होते. सगळी नोकरी उर्दूत. खटल्याची मिसल उघडायची, वाचून दाखवायची, हुकूम लिहायचा, आणि लिहिलेलं इतकं देखणं असायचं की ज्याला शिक्षा व्हायची तोही अक्षराला नाव ठेवत नसे. सामिलीनंतर कारभार इंग्रजीत जाऊ लागला, आणि वर्षभरापूर्वी ह्यांना वजीफा, म्हणजे पेन्शन, देऊन घरी पाठवलं. पण घरी हे कुठले बसायला! नव्या मुन्सिफसाहेबांना जुन्या उर्दू मिसली वाचता येत नाहीत, म्हणून ते रोज बोलावतात, असं ह्यांनी मला सांगितलं होतं. रोज दहाच्या ठोक्याला शेरवानी चढवून, डबा घेऊन, गौलीगुड्याच्या आमच्या गल्लीतून हे निघायचे. मी म्हणायची, “मुन्सिफसाहेब पगार देत नाहीत तर निदान जेवायला तरी घालू देत.” त्यावर हे नुसते हसायचे.

अधिक महिना लागला होता. आमच्याकडे हा धोंड्याचा महिना. लेक-जावयाला बोलवायचं, जावयाला नारायण समजून पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे तूप घालून वाढायचे, ताम्हणात दिवा आणि बत्तासे द्यायचे. आणि त्या दिवशी जावयानं तोंडातून काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. निर्मला आणि माधवराव एकादशी टाळून पुढच्या रविवारी येणार होते. डाळ-गूळ घ्यायला म्हणून मी निर्मलेला बरोबर घेऊन बेगम बाजारात गेले. तिथे गुळाच्या ढेपेवर माशा वारत उभी असताना पोरीनं मला सांगितलं.

“आई, ह्यांना तखफीफमध्ये काढलं.”

तखफीफ म्हणजे कपात. तो शब्द त्या वर्षी हैदराबादच्या लेकराबाळांना पाठ झाला होता. निजामी खात्यांची आवराआवर चालली होती, आणि आवराआवरीत आधी धाकटे कारकून बाहेर पडतात.

“कधी?”

“दोन महिने झाले.”

“अगं, पण ते रोज बॅग घेऊन जातात ना?”

“जातात. मामंजींना ठाऊक नाही. बाबांनाही सांगू नको. ह्यांना वाटतं, सासऱ्याला कळलं तर ह्या गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.” ती ढेपेकडेच बघत होती. “हे तेल लागलंय हाताला, तेवढ्यावर उभे आहेत बघ. रविवारी मेंबर व्हा म्हणतील. नक्को म्हणू नका न, आई.”

मी गूळ घेतला, भाव करायचा विसरले.

आता मी काय करायचं ते सांगा. हो म्हणावं, तर आमच्या खाली चार जण लागणार. ते चार कोण? आमचेच नातेवाईक. माझ्या जावयाच्या तोंडाकडे बघून ते पेट्या घेतील, मग त्यांचे नातेवाईक, आणि एक दिवस तो सुटातला मॅनेजर सकाळीही भेटणार नाही. मग सगळं नातंगोतं आमच्या नावानं खडे फोडणार. नाही म्हणावं, तर माझी लेक ज्याच्या भरवशावर उभी आहे त्याच्या पायाखालची शेवटची फळी मीच काढायची, तीही धोंड्याच्या दिवशी. आणि नोकरीचं खरं सांगून टाकावं, तर माधवरावांचा मान गेला. हिमायतनगरच्या त्या घरात मान फार महाग होता. माधवरावांचे वडील, आमचे व्याही हणमंतराव वकील, हे लग्न ठरवताना दर दोन वाक्यांनंतर “मुलगा सरकारी नोकरीत आहे” असं म्हणाले होते. बाकी काही आम्ही विचारलंच नव्हतं.

मी ठरवलं की ह्यांना आडून आडून समजवायचं. नोकरीचं न सांगता, नुसतं तेलाविरुद्ध.

“त्या कंपनीत काही अर्थ दिसत नाही हं,” मी त्या संध्याकाळी म्हणाले.

हे झोपाळ्यावर बसले होते. “नाझिम भगवंतराव,” ते म्हणाले. “कसं वाटतं कानाला?”

“तेलकट वाटतं.”

“जन्म नाझिमांच्या खुर्चीशेजारी उभा राहून काढला. आता एकदा बसून बघू.”

“अहो, पण चार माणसं आणणार कुठून?”

“ते बघू की. आणि धोंड्याला जावयानं मागितलं तर तू नाही म्हणशील?”

मला ह्यांचा असा राग आला म्हणून सांगू! पंचावन्न ओलांडलेला माणूस, आणि तेलाच्या बाटलीवरच्या हुद्द्याला भुलला. मी आत जाऊन डाळ निवडायला बसले आणि खडे जरा जोरातच टाकले.

रविवार आला. हणमंतरावांनाही बोलावलं होतं. विहीणबाई अधिकातल्या गोदास्नानाला गंगाखेडला गेल्या होत्या, म्हणून ते एकटेच. “नक्को हो, लेकाच्या धोंड्याला बापाचं काय काम,” असं तीनदा म्हणून ते लेकाच्या आधी येऊन आरामखुर्चीत बसले. हिमायतनगरला घर बांधल्यापासून ते गौलीगुड्यात यायचे ते खेड्यावर आल्यासारखे. आल्याबरोबर रुमालानं खुर्ची झटकली, पान लावून घेतलं, आणि आपल्याकडे पक्षकारांची कशी रीघ लागली आहे ते ह्यांना सांगू लागले. “कोर्ट इंग्रजी झालं म्हणून काय झालं, भगवंतराव? वकील तो वकीलच.”

माधवराव आले, ते पिशवीत बाटल्या किणकिणवतच. चेहरा सुकला होता. निर्मला सरळ स्वयंपाकघरात आली आणि न सांगता कणीक मळायला बसली. मी पाटाभोवती रांगोळी काढून वाटी तिथेच ठेवली होती. पुरण व्हायला वेळ होता. तेवढ्यात बाहेर विषय निघालाच.

“मामा, मी तुम्हाला नीट दाखवतो,” माधवराव म्हणाले आणि त्यांनी रांगोळीची वाटी पुढे ओढली. शहाबादी फरशीवर एक ठिपका टाकला. “हा मी.” त्याच्या खाली दुसरा. “हे तुम्ही.” त्याच्या खाली ओळीनं चार. “आणि हे तुमचे चार.” ठिपके मात्र सुबक होते. मी दारात उभी राहून बघत होते. माझ्या घरात जावयानं रांगोळी काढलेली ती पहिली आणि शेवटची वेळ.

हे मांडी घालून पुढे सरकले. डोळ्यांवर चष्मा आला. अदालतीत मिसल उघडताना यायचा तसा.

“पहिला कोण?”

“गणेशराव. नांदेडात त्यांची ओळख मोठी.” गणेशराव म्हणजे आमचे थोरले जावई, सुनीताचे यजमान.

“बरं. गणेशरावांनी पेटी घेतली, तर वाटा कुणाकडे येणार?”

“तुमच्याकडे.”

“म्हणजे लेकीच्या घरचा पैसा माझ्या घरात.” ह्यांनी चष्म्यावरून बघितलं. “माधवराव, नातू होईपर्यंत मी सुनीताकडे पाणी प्यायलो नाही. जेवायच्या वेळी स्टेशनवर जाऊन बसायचो. आता तेलाचा वाटा घेऊ?” आणि ह्यांनी अंगठ्यानं तो ठिपका पुसला.

“मग हिम्मतराव,” माधवराव म्हणाले. हिम्मतराव ह्यांच्या बहिणीचे यजमान.

“भाऊबीजेला ओवाळणी कोण घालतं? मी का ती?”

“तुम्ही.”

“मग तिच्या घरातून वर कसं येईल?” दुसरा ठिपका गेला.

“दिगंबर तरी? तो तर भाचा आहे. तरुण आहे, फिरता आहे.”

“अधिकात भाच्याला दान द्यावं असं सांगितलंय. घ्यावं असं कुठे सांगितलेलं असेल तर मला दाखवा, मी लगेच घेतो.” तिसरा गेला.

माधवरावांनी चौथ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. “एकनाथराव...” एवढं म्हणून तेच थांबले. एकनाथराव माझे थोरले दीर. थोरल्या भावाला धाकट्याच्या खाली बसवायचं, हे त्या कंपनीच्या मॅनेजरला सुचलं असतं, हैदराबादच्या मुलाला नाही. चौथा ठिपका माधवरावांनी आपल्याच हातानं पुसला.

मला हसू आवरेना. ह्या घरात आल्यापासून मी देतेच आहे. लेकींना, नणंदांना, भाच्यांना, आल्यागेल्याला. त्याचा मला पुष्कळदा राग यायचा. आणि आज बघितलं, तर ज्याच्याकडून घेता येईल असं एक माणूस आमच्या सगळ्या गोतावळ्यात सापडेना. कंपनीनं साखळी चांगली बांधली होती, पण ती आमच्या नात्यांवर उलटी बसत होती.

आरामखुर्ची कुरकुरली. हणमंतराव इतका वेळ पान चघळत ‘हे काय खूळ’ अशा चेहऱ्यानं बघत होते. आता ते पुढे वाकले.

“ह्यात माझा ठिपका कुठे आहे?”

“वकीलसाहेब, तुम्हाला कशाला ह्या भानगडीत?” हे म्हणाले.

“भानगड असो की काही असो. सगळ्यांचे ठिपके पडले. मुलाच्या बापाचा कुणाला आठवला नाही?”

“अहो, पण टाकू कुठे? माझ्या खाली टाकू?”

“तुमच्या खाली? मी?” हणमंतरावांनी पान गालात सरकवलं. “मुलाकडचा माणूस मुलीकडच्यांच्या खाली? तौबा!”

“म्हणून तर टाकला नाही.”

“मग वर टाका.”

“वर माधवराव आहेत.”

“मग त्याच्या वर! बाप आहे मी त्याचा.” आणि खरंच खुर्चीतून उतरून, धोतर सावरत, त्यांनी रांगोळीची चिमूट घेतली आणि सगळ्यात वर स्वतःचा ठिपका टाकला. चांगला रुपयाएवढा. मग तिथेच बसून त्याच्याकडे समाधानानं बघितलं, आणि बघता बघता त्यांच्या कपाळाला आठी पडली. “पण काय रे माधवा, तुला हे हवंच कशाला? तुझी सरकारी नोकरी आहे. असले ठिपके टाकायचे धंदे बिनकामाच्या माणसांचे.”

आत निर्मलेचा कणकेवरचा हात थांबला. माधवरावांनी मान खाली घातली आणि बोटांची रांगोळी पुसत राहिले. पुसली तरी ते पुसतच होते. आता काही बोललं नाही तर हे पोरगं इथेच मोडेल, एवढं मला कळत होतं.

“छंद आहे हो मुलाचा,” हे एकदम म्हणाले. “सरकारी कचेरीत डोकं शिणतं, बाहेर काहीतरी हवं असतं. बरं माधवराव, माझा ठिपका राहू द्या तिथेच. सासऱ्यानं जावयाला द्यायचं, हे रीतीला धरून आहे. मी होतो मेंबर. आणि त्या चौघांच्या पेट्याही माझ्याच नावावर लिहा.”

“पाच पेट्या?” मी दारातून म्हणाले. “तेवढं तेल लावायचं कुणाला?”

“गल्ली मोठी आहे.”

माधवरावांनी वर बघितलं. “पण मामा, खाली चार माणसं नसतील तर तुम्ही नायबसुद्धा होणार नाही. नाझिम तर कधीच नाही.”

“नसेना,” हे म्हणाले.

ते एवढं साधं म्हणाले की मला कळलं. आठ दिवस घरात ‘नाझिम, नाझिम’ करणारा माणूस. त्याला नाझिम व्हायचंच नव्हतं. चार ठिपके ह्यांनी वादात जिंकायला पुसले नव्हते. नातेवाइकांतला एकही जण त्या तेलात पडू नये आणि जावयाला नाही हा शब्दही ऐकू येऊ नये, असा हुकूम ह्यांनी मनात आधीच लिहून ठेवला होता. आणि मी मात्र खडे जोरात टाकत बसले होते.

मला कळलं तसं ते माधवरावांनाही कळलं. कारण ते ह्यांच्याकडे टक लावून बघत होते, आणि हे भिंतीवरच्या बाळकृष्णाकडे.

“मामा, तुम्हाला ठाऊक आहे,” माधवराव म्हणाले.

“काय ठाऊक आहे?” हणमंतराव म्हणाले.

मग माधवरावांनी तळहात टेकवला आणि फरशीवरचे उरलेले ठिपके एकदम पुसले. ह्यांचा, स्वतःचा, आणि तो रुपयाएवढाही.

“बाबा, मला तखफीफमध्ये काढलं. उन्हाळ्यातच. मी कचेरीत जात नाही. आणि ह्या तेलात काही नाही, तेही मला ठाऊक आहे. माझ्या वरचा, ज्यानं मला मेंबर केलं, तो आता त्या कंपनीत फिरकत नाही. आज मी मामांना त्याच्यात घालणार होतो.”

स्वयंपाकघरात पुरण खाली लागल्याचा वास आला. कुणी हललं नाही. हणमंतरावांचं पान तोंडातच राहिलं होतं. मुलीकडच्यांच्या घरी, मुलीकडच्यांसमोर, ज्या एका वाक्यावर त्यांनी लग्न ठरवलं होतं ते वाक्य असं फरशीवर पडलं होतं. मी मनातल्या मनात देवाला म्हणाले, आता वकीलसाहेबांनी ओरडू नये. दुसरं काही मागणं नाही.

ते ओरडले नाहीत. ते ह्यांच्याकडे वळले. “तुम्हाला त्यानं सांगितलं. मला नाही.”

“मलाही नाही सांगितलं. मी त्यांना बघितलं.”

“कुठे?”

“अफजलगंजच्या लायब्ररीत. पेपर समोर धरून बसलेले असतात. एकदा टेबलावर डोकं ठेवून झोपलेले होते. शरम वाटू नये म्हणून मी मागल्या दारानं निघून यायचो.”

“हौ का?” मी म्हणाले. “आणि तुम्ही दिवसाउजेडी लायब्ररीत काय करत होता? मुन्सिफसाहेब तिथे बसतात का?”

झालं. बोलून बसले आणि ह्यांचा चेहरा बघितला. इतक्या वर्षांत मी ह्यांना असं पकडलेलं कधी बघितलं नव्हतं.

“मुन्सिफसाहेबांनी एकदाच बोलावलं होतं,” हे हळूच म्हणाले. “दिवाळीच्या आधी. मग त्यांना दोन्ही लिपी येणारा एक मुलगा मिळाला. चांगला मुलगा आहे.”

“मग इतके दिवस रोज...”

“घरी बसलो असतो तर तुला वाटलं असतं, ह्यांचं आता संपलं.”

मला फार वाईट वाटलं. जावयाचं गुपित मी आठ दिवस ह्यांच्यापासून जपत होते, जीव टांगणीला लावून, आणि माझ्या शेजारी झोपणारा माणूस स्वतःचंच गुपित वर्षभर एकटा वागवत होता. मी भलतंच विचारलं. “डबा तरी पुरा खात होता ना?”

“खात होतो. कारल्याचा दिवस सोडून.”

माधवराव हसले. हसता हसता त्यांनी बाहीनं डोळे पुसले आणि रांगोळी तोंडाला फासून घेतली. आतून निर्मला आली आणि दाराला टेकून उभी राहिली, पिठाच्या हातांनी.

हणमंतराव मात्र हसले नाहीत. ते अजून फरशीवरच बसले होते, पुसलेल्या जागेकडे बघत. मग खाकरून म्हणाले, “त्या लायब्ररीत गर्दी असते का हो, भगवंतराव?”

“दुपारी नसते.”

“मग मलाही एक खुर्ची धरून ठेवा.”

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “पक्षकार नाहीत,” ते म्हणाले. “एक नाही. सारी वकिली उर्दूत केली. आता नवे साहेब इंग्रजीत विचारतात आणि मी उभा राहतो. हिमायतनगरच्या दिवाणखान्यात रोज काळा कोट घालून बसतो, आणि बेल वाजली तर दूधवाला असतो.” मग लेकाच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिथे ठेवायची त्यांना सवय नसावी, कारण आधी तो चुकून खांद्यावर पडला. “मला सांगायचं नाही का रे, गाढवा? मी काय तुझ्यावर खटला भरणार होतो?”

“बाबा, तुम्ही सगळ्यांना सांगता, मुलगा सरकारी नोकरीत आहे.”

“मग आता सांगेन, मुलगा खरं बोलतो. तसले कुठे फार आहेत?”

मी आत गेले. पुरण थोडं लागलं होतं, पण वरचं निघालं. निर्मलेनं धोंडे केले, मी पानं मांडली, तूप वाढलं. माधवरावांनी बाटल्या पिशवीत घालून पिशवी दाराबाहेर नेऊन ठेवली आणि हातपाय धुऊन पाटावर आले. मी त्यांना ओवाळलं. मेंबर व्हायचं की नाही, हे पुन्हा कुणी विचारलं नाही.

आमच्या घरात जावई जेवायला बसला की आग्रह करायचं काम आमचं. “घ्या, अजून एक घ्या, माझ्या शपथेनं घ्या,” असं करत करत वाढायचं, आणि जावयानं पानावर हात आडवा धरून नको नको म्हणायचं. लग्नापासून माधवराव ह्यात फार पक्के. मी कितीही गळ घातली तरी दुसऱ्यांदा वाढताना त्यांचा हात आडवा यायचाच, मग भूक असो नसो. त्या दिवशी मी वाढून चुलीकडे वळले होते. मागून त्यांचा आवाज आला.

“मामी, अजून एक वाढा. फार भूक लागली आहे.”